पंखा थांबेपर्यंत

बेकरी, ४ ऑक्टोबर

विहीणबाईंना नमस्कार.

लग्नानंतरचं हे माझं तुम्हाला पहिलं पत्र, आणि तेही तक्रारीचं. काय करणार, फोन करावा तर तुम्हाला ऐकू येत नाही. मागच्या वेळी मी तुमची तब्येत विचारली आणि तुम्ही मला बराच वेळ टायरबद्दल सांगितलंत. पत्राला निदान कान लागत नाहीत.

तर मुद्द्याचं. तुमच्या लेकीने आणि माझ्या लेकाने मिळून लष्कराने मोडीत काढलेला तो ट्रक घेतला, त्यात दात काढायची खुर्ची बसवली, बाहेरून आकाशी रंग फासला आणि उशिरा येऊन त्रास देतो म्हणून त्याचं नाव ठेवलं ‘अक्कलदाढ’. तेव्हा मी तोंडातून ब्र काढला नाही. निदान मला तरी तसंच आठवतंय. उन्हाळाभर दोघं डोंगरातल्या वस्त्यांवर लोकांचे दात काढत फिरली, तेही ठीक. पण आता वर थंडी पडायला लागली आणि ट्रकातला हीटर चालत नाही. लेक लिहितो, “आई, इंजिन बंद असतानाही गाडी गरम राहावी म्हणून लष्करवाल्यांनी डिझेलवर जळणारा वेगळा हीटर बसवलाय. तो पेटतो, जरा वेळ चालतो आणि पांढरा धूर सोडून गप्प होतो. काल एका आजोबांचे दात थंडीने इतके वाजत होते की दुखणारा कोणता ते मला धरताच येईना.”

जाताना त्याने मला शब्द दिलाय. पहिलं बर्फ पडेपर्यंत ट्रक उबदार झाला नाही तर दोघांनी खाली यायचं, ट्रक विकायचा आणि बेकरीला लागून असलेल्या खोलीत दवाखाना थाटायचा. ती खोली मी रंगवून घेतली आहे. दाताच्या डॉक्टरची एक जुनी खुर्चीही मिळाली, ती आणून ठेवली आहे. मी आडपडदा ठेवत नाही, मला तो खाली यायला हवाय. एकुलता एक आहे. पण निमोनिया घेऊन यायला नको, चालत यायला हवा.

तुम्ही आयुष्यभर लष्कराच्या वर्कशॉपमध्ये हेच हीटर दुरुस्त केलेत असं सूनबाई अभिमानाने सांगत असते. मग हा असा का वागतोय? मी मुलाकडची आहे, एवढं विचारायचा मला हक्क आहे.

तुमची विहीण,
बेकरीवाली


घर, ११ ऑक्टोबर

विहीणबाईंना मुलीकडचीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग नुसता लिहिलाय. गुडघे दुखतात, खाली गेले तर वर कोण काढणार?)

हक्क तुमचा आणि उत्तर द्यायचं काम आमचं, ही वाटणी लग्नातच झाली होती, त्यामुळे राग नाही.

तो हीटर म्हणजे लोखंडी डब्यात कोंडलेली लहानशी चूल समजा. पंप टाकीतून थेंब थेंब डिझेल ओढतो, आत एक तार तापून लाल होते आणि तिच्यावर ज्योत धरते. ज्योतीचा धूर पाइपाने ट्रकच्या खाली जातो. डब्याच्या बाहेरून पंखा हवा फिरवतो, ती गरम होऊन माणसांकडे येते. धुराने धुराच्या वाटेने जायचं, हवेने हवेच्या. या दोघांची गाठ पडली तर माणूस झोपेतच जातो आणि कोणाला पत्ताही लागत नाही. म्हणून पोरीला मी सगळ्यात आधी तेच लिहिलं. पाइपाचे सांधे तपास, खिडकी बोटभर उघडी ठेव आणि हीटर चालू ठेवून झोपायचं नाही, मग कितीही थंडी असो. शिपायांनाही मी हेच सांगायचे. ते ऐकायचे नाहीत. मग मी त्यांच्या साहेबांना सांगायचे, मग ऐकायचे.

आता दुखणं. बिघडलेला हीटर खोकतो, थुंकतो, नाहीतर रुसून बसतो. खोकला तर डिझेलची गाळणी तुंबलेली असते. रुसला, म्हणजे हूं की चूं करत नाही, तर बॅटरी उतरलेली. पांढरा धूर सोडणं हे थुंकणं झालं, म्हणजे तार पुरती लाल होत नाही आणि डिझेल न जळताच बाहेर पडतं. माझ्या डब्यात दोन कोऱ्या तारा होत्या. निवृत्त होताना लोकांनी मला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि मी वर या तारा मागून घेतल्या. घड्याळ केव्हाच बंद पडलं. एक तार आज पोरीला पाठवली. हीटर बंद करायची रीत पाळता ना, हेही मागे विचारलं होतं. “बटण मीच बंद करते, आई, अगदी नीट,” असं उत्तर आलं. तेव्हा तो प्रश्न मिटला.

तुम्ही आडपडदा ठेवला नाहीत, मग मीही ठेवत नाही. तुम्हाला मुलगा खाली हवाय, मला मुलगी वर हवी आहे. ही पोर शाळेतून सरळ वर्कशॉपला यायची आणि ट्रकच्या चाकावर बसून डबा खायची. सगळे ट्रक कुठे कुठे जाऊन यायचे, आम्ही दोघी तिथेच. आता तिच्या हातात स्वतःचं स्टिअरिंग आहे. ते एका तारेपायी सुटलं तर माझ्या नोकरीला काय अर्थ राहिला?

लोभ आहेच, जरा ऊबही असू द्यावी.

तुमची,
हीटरवाली


बेकरी, २२ ऑक्टोबर

विहीणबाईंना नमस्कार.

तुमची तार पोचली, लागली, आणि हीटर सुरू झाला म्हणे. ट्रकात इतकी ऊब झाली की त्याच आजोबांना खुर्चीवर तोंड उघडून झोप लागली आणि त्यांच्या बायकोने “राहू द्या तसेच, घरी घोरतात त्यापेक्षा बरं” असं सांगितलं. लेकाचं पत्र वाचून मला हसू आलं. मग मी उठून त्या रंगवलेल्या खोलीचं दार लावून घेतलं. जरा जोरातच लागलं ते.

पण तुमचं यंत्र काही माझ्या बाजूने, काही तुमच्या बाजूने असं वागतंय. चार दिवस चाललं आणि पुन्हा ठप्प. सूनबाईने उघडून पाहिलं तर आत काजळीच काजळी.

आता काजळी म्हटलं की मलाही बोलायचा अधिकार आहे. माझा निम्मा जन्म भट्टीसमोर गेलाय. हे नोकरीला जायचे आणि मी पाव भाजायचे. हे निवृत्त झाले, मी अजून भाजतेय. भट्टी काजळते ती हवा कमी पडली की. तुमच्या त्या धुराच्या पाइपाच्या तोंडात काही अडकलंय का बघायला सांगा. मी हे तुम्हाला का सांगतेय ते माझं मलाच कळत नाही, माझं तर यात नुकसान आहे. पण जाळ नीट जळत नाही म्हटलं की माझ्याने गप्प बसवत नाही.

एक सांगून ठेवते. हलगर्जीपणाने बिघडलं असं मात्र म्हणू नका. सूनबाईचं मला माहीत नाही, पण माझ्या लेकाला मी वळण लावलंय. खोलीतून निघताना दिवा, पंखा बंद केल्याशिवाय तो उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. लहानपणी एकदा विसरला तर मी “वीज काय फुकट येते?” असं ओरडले होते, ते समोरच्या न्हाव्याने ऐकून त्याच्या दुकानातला पंखा बंद केला.

सोबत खारी बिस्किटं पाठवतेय. चहात बुडवा, दातांना त्रास नको. डॉक्टर डोंगरावर आहे.

बेकरीवाली


घर, ३० ऑक्टोबर

विहीणबाई,

खारीचा डबा पोचला आणि संपलाही. डबा परत करत नाही, त्यात मी नटबोल्ट भरलेत. माझ्याकडे आलेला डबा कधी परत जात नाही, ही आमच्या वर्कशॉपची जुनी ख्याती आहे.

तुम्ही भट्टीवरून बोललात ते अगदीच वाया गेलं नाही. पाइपाच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं. पोरीने ते काढलं, आतला डबा खरवडून लखलखीत केला, गाळणी बदलली. मी मनात म्हटलं, विहीणबाई बेकरीत वाया गेल्या, आमच्याकडे हव्या होत्या. हीटर पुन्हा सुरू झाला, अगदी घड्याळासारखा. माझ्या नव्हे, चांगल्या घड्याळासारखा.

आणि पुन्हा काजळला.

आता मात्र माझी मती गुंग झाली. तार नवी, गाळणी नवी, पाइप मोकळा, बॅटरी टणटणीत. सगळं बरोबर असताना काजळी येतेच कुठून? मी कागदावर त्या हीटरचं चित्र काढून भिंतीला चिकटवलंय आणि येता जाता त्याच्याशी भांडते. शेजारीण म्हणाली, कोणाचा फोटो? मी म्हटलं, एका नालायकाचा. ती बिचारी हळहळून गेली.

तुमच्या लेकाच्या शिस्तीबद्दल मी कधी शंका घेतली नाही. उलट आमची पोरगीच धांदरट. दिवा बंद करायचा म्हणजे काय हे तिला लग्नानंतर कळलं. जावईबापू मागून सगळं आवरून घेतात म्हणून त्यांचा संसार चाललाय.

मीच वर गेले असते. हात अजून पहिल्यासारखे आहेत, पण खिंडीच्या बसची ती उंच पायरी माझ्या गुडघ्यांना जमणार नाही. तेव्हा पत्रातूनच इलाज. तुम्हाला भट्टीचं आणखी काही सुचलं तर कळवा. तुमचं नुकसान होईल हे माहीत असूनही मागतेय, कारण मला दुसरं कोणी नाही विचारायला.

हीटरवाली


घर, १२ नोव्हेंबर

विहीणबाई,

तुमचं उत्तर नाही. बेकरीत गडबड असेल.

पोरीचं पत्र आलं. तिसऱ्यांदा खरवडलं, तिसऱ्यांदा काजळलं. आता ती खरवडत नाहीये. वर आभाळ राखाडी झालंय म्हणे आणि वस्तीवरची माणसं लाकडं आत घ्यायला लागलीत. दोघांनी औजारं खोक्यात भरायला घेतली आहेत. तिने एवढंच लिहिलंय, “आई, तू काळजी करू नकोस, आम्ही प्रयत्न केला.” माझी पोरगी असं शहाण्यासारखं लिहायला लागली की समजावं, तिचं रडून झालेलं आहे.

वरच्या त्या वस्त्यांना हिवाळ्यात दाढ दुखली तर चिमटा आणि शेजारी, एवढाच इलाज असतो. त्यांनी हिच्याकडून येण्याचं कबूल करून घेतलं होतं. तेच तिला जास्त लागलंय.

असो. तुम्ही जिंकलात. उपहासाने नाही म्हणत. मुलगा आईजवळ येतोय यात वाईट काय आहे? खोलीला रंग कोणता दिलात तेवढं कळवा. आकाशी असेल तर तिला बरं वाटेल.

हीटरवाली


बेकरी, १८ नोव्हेंबर

विहीणबाई,

खोली पिवळी आहे. आणि मी अजून जिंकलेली नाही.

परवा लेक येऊन गेला. दातात भरायचा मसाला आणि बधिर करायची इंजेक्शनं संपली होती, ती न्यायला. सकाळच्या बसने आला, माझ्या हातचं जेवला, खोली बघितली, खुर्चीवर बसून ती वरखाली करून पाहिली आणि म्हणाला, “छान आहे गं.” इतकं वाईट “छान” मी आजवर ऐकलेलं नाही. पाव कच्चा राहिला तरी गिऱ्हाईक याहून बरं बोलतं.

मग निघाला. तुम्हाला सांगितलं ना, त्याला वळण आहे. स्वयंपाकघराचा दिवा बंद केला, बाहेरच्या खोलीचा पंखा बंद केला, त्याच्या खाली हे पेपर वाचत बसले होते ते तसेच घामात राहिले. मग बेकरीतून बाहेर पडता पडता भट्टीवरचा धूर ओढायचा पंखाही बंद केला. भट्टी नुकतीच विझवली होती. आमचा भट्टीवाला पिठाच्या हातांनी धावत आला.

“अहो डॉक्टर, तो नका बंद करू!”

“भट्टी बंद आहे ना? मग पंखा कशाला?”

“ती बंद असली तरी तापलेली आहे. गार होऊ द्या, मग मीच करतो.”

लेक हसला. “तुमची भट्टी मोठी, तिला नखरे शोभतात. आमच्या ट्रकातला एवढासा हीटर, पण त्यालाही हीच खोड! बटण बंद केलं तरी पंखा आपला फिरतोच आहे, फिरतोच आहे. बायको उतरून औजारं धुवायला जाते, तिला पत्ताही नसतो. मी मागून मेन स्विच ओढतो म्हणून, नाहीतर बॅटरीच उतरायची. काय गं आई, तुझंच वळण!”

आणि माझ्या पाया पडून गेला.

विहीणबाई, मी तिथे पिठाच्या पोत्यावरच बसले. भट्टीच्या धुराची झडप जाळ पुरता निवायच्या आत लावली तर काय होतं हे मी कोणालाही झोपेत सांगेन. उरलेला धूर जाणार कुठे? आतच बसणार. आता मला सांगा, तुमच्या हीटरचा पंखा उगाच फिरतो, की कामाने? तो मध्येच थांबवला तर आत काजळी धरते का? तुम्ही म्हणालात, बंद करायची रीत मुलीला विचारली. तिने खरंच सांगितलं, बटण तीच बंद करते. पण तिच्यामागून कोण काय बंद करतं हे तुम्ही विचारलं नाहीत, कारण माझं पोर तुम्हाला माहीत नाही. मला माहीत आहे.

त्याला मी काही बोलले नाही. हीटर तुमच्या खात्यातला आहे, तेव्हा खरं खोटं तुम्ही ठरवा आणि तुम्हीच कळवा. मी सांगितलं तर म्हणेल, “आई, पण तूच तर...” आणि ते मला ऐकवणार नाही.

बेकरीवाली


घर, २३ नोव्हेंबर

अहो विहीणबाई!

पंखा कामाने फिरतो, कामाने! बटण बंद केलं की डिझेल यायचं थांबतं, पण आत उरलंसुरलं असतंच. ते जळून जावं, डबा निवावा म्हणून पंखा फिरत राहतो आणि मग आपणहून थांबतो. त्याच्या आत कोणी मेन स्विच ओढला की उरलेलं डिझेल तापल्या डब्यात दुधासारखं करपतं. रोज थोडं थोडं. चार दिवसांनी तार त्या काजळीत बुडते आणि साहेब थुंकायला लागतात. तुमच्या लेकाने इतक्या नेमाने, इतक्या शिस्तीत तो हीटर मारलाय की शत्रूलाही जमलं नसतं.

तुमचं पत्र वाचून मी इतकी हसले की शेजारीण बघायला आली. भिंतीवरचा फोटो काढून टाकला. म्हटलं, निर्दोष सुटला.

पण थांबा, आमच्याकडचंही ऐकून घ्या, नाहीतर तुम्ही उगाच मान खाली घालून बसाल. आमच्या वर्कशॉपमधून ट्रक बाहेर पडताना मेन स्विचच्या वर आम्ही पाटी ठोकायचोच. “आधी हीटर. मग चहा. मग मेन स्विच.” चहा पिऊन होईस्तोवर पंखा थांबतो, म्हणून. शिपाई बाकी सगळं विसरायचे, पण चहाची पाटी कोणी विसरलं नाही. ही पाटी त्या ट्रकात असणारच, असं धरून मी बसले होते. काल शेजारणीला खिंडीखालच्या दुकानात फोन करायला लावला. मला ऐकू येत नसलं तरी ओरडता येतं, तेव्हा मागून मीच ओरडत होते. निरोप गेला, पोरीचा उलटा निरोप आला. पाटी होती. तिने ट्रकाला आकाशी रंग देताना तीही रंगवून टाकली. “मला वाटलं, लष्कराचं काहीतरी जुनं असेल,” म्हणे. माझ्या पोटची पोर! तर पाटी तुमच्या सुनेने बुजवली आणि पंखा माझ्या जावयाने थांबवला. (चांगलं केलं की माझी लेक, गाढवपणा केला की तुमची सून. मुलीकडचीला एवढी तरी सवलत हवी.)

दोघं शेवटचं म्हणून एकदा खरवडायला बसली आहेत. बर्फाने आता चार दिवस दम धरला म्हणजे झालं.

नवी पाटी मी पत्र्यावर रंगवली आहे, ती सोबत पाठवतेय. तुमच्याकडून कोणी वर जाणारं असेल तर द्या. अक्षरं जरा हलली आहेत. ब्रश खराब होता.

आता एक विचारते, रागावू नका. लेक तुमच्याकडे ‘परवा’ येऊन गेला असं तुम्ही अठरा तारखेला लिहिलंत. पोरीच्या पत्राप्रमाणे तो गेला सात तारखेला. म्हणजे इतके दिवस तुम्ही हे घेऊन बसला होतात. एक शब्द न लिहिता खोलीत दिवा लावून वाट बघितली असती तरी कोणाला कधी कळलं नसतं. मला तर नाहीच. तरी लिहिलंत. मी तुमच्या जागी असते तर पत्र टाकलं असतं का, याचा विचार मी कालपासून करतेय.

तुमचीच,
हीटरवाली


अक्कलदाढ, खिंडीच्या वर, ४ डिसेंबर

प्रिय विहीणबाई,

पत्ता वाचून दचकू नका. पाटी टपालाने पाठवायची म्हणजे ती कुठेतरी वाटेतच चहा पीत बसली असती. म्हणून मीच घेऊन आले. बर्फाने वाट बंद व्हायच्या आधीची ही शेवटची बस होती, त्यामुळे आता वाट मोकळी होईपर्यंत मी इथेच. (पत्रं तेवढी टपालवाला पायी खाली नेतो.) हे आणि भट्टीवाला मिळून बेकरी बघताहेत. दोघांनाही माझ्यावाचून मजा वाटत असणार, वाटू द्या.

काल पहिलं बर्फ पडलं. दुपारभर पडत होतं. लेकाने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. दिलेला शब्द दोघांनाही आठवत होता. ट्रकात इतकं गरम होतं की मी अंगावरची शाल काढून ठेवली होती. मग मी म्हटलं, “बघतोस काय? बाहेर माणसं उभी आहेत, त्यांना आत घे.” एवढंच बोलणं झालं.

हो, बसले होते मी ते घेऊन. भट्टीसमोर बसले होते आणि रोज ठरवत होते की आज लिहीन. मग तुमचं ते “तुम्ही जिंकलात” आलं. शिव्या दिल्या असत्यात तर मी नसतं लिहिलं, खरं सांगते. मला तो खाली हवा होता. अजूनही हवाय. पण काल एक बाई बर्फातून पाठीवर मूल बांधून आली, गाल हा एवढा सुजलेला. लेकाने तिची दाढ काढली. ती घाबरली तेव्हा तो तिच्याशी बोलत होता, “झालं हं, झालंच, रडायचं नाही, शहाणी ना?” तो आवाज माझा होता, विहीणबाई. लहानपणी तो तापाने फणफणला की मी त्याच्याशी असंच बोलायचे. मला वाटायचं, माझं फक्त पंखा बंद करायचं वळण त्याने उचललं.

सूनबाई ट्रक कशी चालवते ते मी आल्याच दिवशी पाहिलं. त्या वळणावर मी डोळे मिटून घेतले होते, तेव्हा पाहिलं असं म्हणता येणार नाही, पण पोचलो. पाइपाचे सांधे ती रोज तपासते, खिडकी बोटभर उघडी असते, आणि झोपताना हीटर बंद करून आम्ही तिघं सगळ्या रजया अंगावर घेतो. तुमच्या साहेबाला काही सांगायला नको.

तुमची पाटी मेन स्विचच्या वर मी माझ्या हाताने स्क्रूने बसवली. अक्षरं हललीत खरी. मी इतकी वर्षं केकवर नावं लिहिते, ब्रश खराब असला की अक्षर कसं होतं आणि हात थरथरला की कसं, हे मला वेगवेगळं ओळखू येतं. त्याबद्दल मी काही विचारत नाही. फक्त सांगते. ती पिवळी खोली रिकामी आहे. तळमजल्यावर आहे, पायरी एकसुद्धा नाही. तिची एक भिंत भट्टीची आहे, त्यामुळे हिवाळाभर कोमट असते. आणि त्या दाताच्या खुर्चीची पाठ मागे जाते, पाय आपोआप वर होतात. गुडघ्यांना तिच्यासारखं सुख नाही, मी स्वतः दुपारी बसून पाहिलंय. यांना मी कळवलंय, ते आणि भट्टीवाला येऊन तुम्हाला घेऊन जातील. नटबोल्टांसकट माझा डबाही घेऊन या. मी वाट मोकळी झाली की पोचतेच, तोवर बेकरीवर नजर ठेवा. नाही म्हणायचं नाही. मी मुलाकडची आहे.

आजचं काम आताच आटपलं. सूनबाईने हीटरचं बटण बंद केलं आणि ती दोघं औजारं धुवायला बाहेर गेली आहेत. खिडकीतून दिसताहेत, बर्फाचे गोळे करून एकमेकांना मारताहेत आणि दाताचे चिमटे तसेच पडलेत. मी एकटी आत आहे. चहा समोर आहे. हीटर विझलाय आणि पंखा फिरतोय.

फिरतोच आहे, विहीणबाई. रिकाम्या गाडीत, काही कारण नसताना. कारण आहे हे मला माहीत आहे, पण हाताला माहीत नाही. उजवा हात हे पत्र लिहितोय म्हणून ठीक, डावा मी मांडीखाली दाबून बसले आहे. चहा निम्मा झाला. तुमची पाटी माझ्याकडे बघतेय.

चहा संपला.

आवाज कमी कमी होतोय. थांबा.

थांबला. आपणहून थांबला.

आता उठून मेन स्विच ओढते. वीज काय फुकट येते?

तुमची,
बेकरीवाली